होस्टाइल ओपन ऑफर: टेंडर करावं, बाजारात विकावं की धरून ठेवावं? मदत हवी आहे

धागाकर्ता

नमस्कार. माझ्याकडे एका फाउंड्री कंपनीचे १,२०० शेअर आहेत, सगळे डीमॅटमध्ये, पाच वर्षांपूर्वी सरासरी ९६ रुपयांना घेतलेले. चर्चा आकड्यांवर राहावी म्हणून कंपनीचं नाव देत नाही.

एकूण शेअर ५ कोटी. प्रवर्तकांकडे (कंपनी चालवणारे मूळ मालक) २२ टक्के, त्यातले निम्म्याहून जास्त कर्जासाठी तारण ठेवलेले. सलग तीन तिमाही तोटा, कर्ज वाढतंय. दुसऱ्या एका उद्योगसमूहाने बाजारातून २४.६ टक्के जमवले, मग २७ वर गेला आणि २६ टक्क्यांसाठी १४८ रुपयांची ओपन ऑफर (बाकी भागधारकांकडून ठरल्या भावाने शेअर विकत घेण्याचा जाहीर प्रस्ताव) जाहीर केली. प्रवर्तकांचा कडाडून विरोध आहे. घोषणेआधी भाव ११८ होता, आज १३९. टेंडरिंग, म्हणजे ऑफरमध्ये शेअर देण्याची मुदत, दोन आठवड्यांवर आलंय.

१४८ देणारा समोर उभा असताना बाजार १३९ वर का अडकलाय? सगळे शेअर दिले तर सगळे घेतले जातील का? आणि ऑफर बारगळली तर काय?

आकडेमोड

सगळे घेतले जातीलच असं नाही, आणि बाजार १३९ वर असण्याचं मुख्य कारण तेच आहे.

ऑफर २६ टक्क्यांची, म्हणजे १.३० कोटी शेअरची. प्रवर्तक आणि अधिग्रहणकर्ता (ऑफर देणारा समूह) वगळले तर लोकांकडे ५१ टक्के, म्हणजे २.५५ कोटी शेअर उरतात. सगळ्यांनी टेंडर केलं तर स्वीकृतीचं प्रमाण १.३० भागिले २.५५, साधारण ५१ टक्के. तुमचे १,२०० पैकी सुमारे ६१२ घेतले जातील, ५८८ परत येतील. ऐनवेळी प्रवर्तकांनीही सगळे शेअर दिले, तर हेच प्रमाण ३५.६ टक्क्यांवर येतं आणि तुमचे फक्त ४२७ जातात. तारण शेअर सोडवल्याशिवाय टेंडर होत नाहीत, म्हणून इतकी वाईट वेळ येणं अवघड. उलट बाजूने, बरेच छोटे भागधारक टेंडर करतच नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण ५१ च्या वर जाण्याची शक्यता बरीच.

आता खरा हिशेब. आज सगळे बाजारात विकले तर १,६६,८०० रुपये. टेंडर केले आणि ५१ टक्केच घेतले गेले तर ६१२ गुणिले १४८, म्हणजे ९०,५७६ रुपये हातात. बरोबरी साधायला परत आलेले ५८८ शेअर किमान १२९.६३ ला विकले गेले पाहिजेत. ऑफर संपल्यावर आधार निघून भाव ११५ वर आला, तर तुमची सरासरी १३१.८३ पडते, म्हणजे आज विकणंच बरं होतं. म्हणून १४८ कडे बघत बसू नका. ऑफरनंतर उरलेल्या शेअरला तुम्ही किती किंमत धरता, यावर निर्णय फिरतो.

करात फरक नाही. ओपन ऑफर शेअर बाजाराच्या खिडकीतून चालते, एसटीटी (शेअर व्यवहारावरचा कर) लागतो, त्यामुळे बाजारात विकल्यासारखाच भांडवली नफा. सगळे १४८ ला गेले तरी नफा ६२,४०० रुपये. वर्षातला असा दीर्घ मुदतीचा एकूण नफा सव्वा लाखाच्या आत असेल तर कर नाही.

कागद वाचा आधी

हिशेब बरोबर आहे. पण उरलेल्या शेअरची किंमत ठरवायची कशी, त्याची उत्तरं लेटर ऑफ ऑफरमध्ये (ऑफरचा सगळा तपशील देणारा कागद) असतात. आधी हे बघा:

१. मालमत्ता विकण्याचा इरादा. कंपनीच्या मोठ्या मालमत्ता विकायचा विचार असेल तर अधिग्रहणकर्त्याला तो तिथे लिहावा लागतो. न लिहिता पुढच्या दोन वर्षांत विकायच्या तर पोस्टल बॅलटने (टपाली मतदानाने) भागधारकांचा विशेष ठराव घ्यावा लागतो. फाउंड्रीच्या मोक्याच्या जागेवर डोळा असेल तर तो इथेच दिसतो.

२. अट. किमान अमुक टक्के आले तरच घेऊ, अशी अट आहे का? असेल आणि तेवढे आले नाहीत, तर एकही शेअर घेतला जात नाही.

३. बाकी असलेल्या परवानग्या. यात वेळ किती जातो ते रेलिगेअर या वित्तीय कंपनीत दिसलं. बर्मन कुटुंबाने सप्टेंबर २०२३ मध्ये २३५ रुपयांची ऑफर जाहीर केली, संचालक मंडळाशी संघर्ष आणि मंजुऱ्यांचा घोळ होऊन टेंडरिंग सुरू झालं जानेवारी २०२५ मध्ये.

४. एस्क्रो, म्हणजे ऑफरच्या पैशांची हमी म्हणून वेगळी ठेवलेली रक्कम. पहिल्या ५०० कोटींवर २५ टक्के, त्यापुढच्या रकमेवर १० टक्के. तुमची ऑफर १९२.४ कोटींची, म्हणजे किमान ४८.१ कोटी अडकवलेले हवेत.

यात नसलेली एक गोष्ट म्हणजे कर्जाचे करार. मालकी बदलली तर कर्ज परत मागण्याचं कलम बहुतेक करारांत असतं. तोट्यातल्या कंपनीत हा धोका भागधारक विसरतात. क्रेडिट रेटिंगचं शेवटचं टिपण काढून वाचा.

स्वतंत्र संचालकांच्या समितीची शिफारस टेंडरिंगच्या किमान दोन कामकाजाचे दिवस आधी छापून येते. नुसतं 'भाव योग्य' किंवा 'अयोग्य' एवढंच वाचू नका, कारणं वाचा. भावाबद्दल आकडे न देता फक्त 'कंपनीची संस्कृती' वगैरे लिहिलं असेल तर ते प्रवर्तकांचं म्हणणं समजा.

धागाकर्ता

मनापासून आभार, ६१२ चं गणित डोक्यातच आलं नव्हतं. लेटर ऑफ ऑफरमध्ये किमान स्वीकृतीची अट नाही, ते आत्ताच पाहिलं. आणखी दोन गोष्टी. दुसरा कुणी जास्त भावाने येईल म्हणून थांबावं का? आणि प्रवर्तक कंपनीकडून बायबॅक (कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणं) करवून घेऊन किंवा मित्राला नवे शेअर देऊन हे हाणून पाडू शकतात का?

आकडेमोड

दुसऱ्याची वाट बघू नका. प्रतिस्पर्धी ऑफर सविस्तर जाहीर निवेदनानंतर १५ कामकाजाच्या दिवसांतच करता येते. तुमचं टेंडरिंग दोन आठवड्यांवर आलंय, म्हणजे ती मुदत गेली. आता एकच आशा, की हाच अधिग्रहणकर्ता भाव वाढवेल. ते तो टेंडरिंग सुरू होण्याच्या तोंडापर्यंत करू शकतो, म्हणून त्याआधी घाईने विकू नका.

बायबॅक किंवा नवे शेअर सहज शक्य नाहीत. ऑफर चालू असताना नेहमीच्या कामकाजाबाहेरचे असे निर्णय भागधारकांच्या विशेष ठरावाशिवाय संचालक मंडळाला घेता येत नाहीत. विशेष ठरावाला बाजूने पडलेली मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट लागतात, आणि २७ टक्के विरोधात बसलेले आहेत. २०१९ मध्ये माइंडट्री या आयटी कंपनीच्या संचालकांनी एल अँड टीच्या विरोधात बायबॅकचा विचार केला आणि मार्चमध्येच सोडून दिला.

माइंडट्री दोन्ही बाजूंनी शिकवून जातं. एल अँड टीने मोठे भागधारक व्ही. जी. सिद्धार्थ यांचा २०.३२ टक्के हिस्सा ९८० ने घेतला, बाजारातून घेतले, मग त्याच ९८० ने ३१ टक्क्यांची ऑफर जून २०१९ मध्ये चालवली आणि ६० टक्के गाठले. ऑफर संपल्यावर काही आठवड्यांतच भाव ८०० च्या खाली गेला. पण धरून ठेवणाऱ्यांनी २०२१ मध्ये ४,००० च्या वरचा भाव पाहिला. मात्र ती धडधाकट कंपनी होती. तुमची तोट्यात आहे, तेव्हा त्या दुसऱ्या भागावर फार विसंबू नका.

कागद वाचा आधी

टेंडर करणाऱ्याला असलेलं एक संरक्षण बाजारात विकणाऱ्याला मिळत नाही. टेंडरिंगनंतर २६ आठवड्यांच्या आत अधिग्रहणकर्त्याने वाटाघाटीने किंवा बल्क, ब्लॉक (मोठ्या एकगठ्ठा) व्यवहारातून जास्त भावाने शेअर घेतले, तर ज्यांचे शेअर ऑफरमध्ये स्वीकारले गेले त्या सगळ्यांना ६० दिवसांत फरक द्यावा लागतो. एनडीटीव्हीत २०२२ मध्ये ऑफर २९४ ची होती आणि बाजारभाव त्याच्या बराच वर. १.६७ कोटींपैकी जेमतेम ५३ लाख शेअर आले. डिसेंबरमध्ये त्याच समूहाने संस्थापकांचा हिस्सा ३४२.६५ ने घेतला, आणि टेंडर केलेल्यांना शेअरमागे ४८.६५ रुपये जादा मिळाले. तुमचे प्रवर्तक तारणाच्या ओझ्याखाली आहेत. सहा महिन्यांत तेही तडजोडीने विकायला बसू शकतात.

डीमॅटवाली

प्रत्यक्ष कृतीबद्दल, कारण चुका इथेच होतात.

ब्रोकरच्या ॲपमध्ये कॉर्पोरेट ॲक्शनखाली ओपन ऑफर दिसते. नसेल दिसत तर फोन करून बोली लावायला सांगा. टेंडरिंग १० कामकाजाचे दिवस चालतं, पण अनेक ब्रोकर शेवटच्या दिवसाच्या आधीच खिडकी बंद करतात. मार्जिनसाठी गहाण ठेवलेले शेअर चालत नाहीत, दोन-तीन दिवस आधी सोडवा. शेअर तुमच्याच खात्यात राहतात, त्यावर फक्त लियन (तात्पुरता बोजा) लागतो; तेवढे दिवस ते विकता येत नाहीत.

एकदा दिलेलं टेंडर मागे घेता येत नाही. म्हणून पहिल्याच दिवशी देऊ नका. सातव्या-आठव्या दिवसापर्यंत थांबा. किती शेअर टेंडर झाले ते शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर रोज दिसतं, त्यावरून स्वीकृतीचा अंदाज बांधा. मात्र संस्थांच्या बोली शेवटच्या दिवशी येतात, आठव्या दिवसाचा आकडा पूर्ण समजू नका. पैसे टेंडरिंग संपल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत येतात.

भाव १४५ च्या वर सरकला तर मी टेंडरच्या भानगडीत पडायला सांगणार नाही, बाजारात विकून मोकळे व्हा. १३९ च्या आसपासच राहिला तर १,२०० च्या १,२०० टेंडर करा. अर्धेच दिले तर प्रमाणही त्या अर्ध्यावरच लागतं, आणि घेतले जातात पाव.