लाल पिल्लं दिसली की गरी टाकू नका

पावसात मरळ (गोड्या पाण्यातला मासा) गळाला लावलेल्या बेडकीवर हमखास झेप घालते, असं मासे गरवणारे सांगतात. झेप घालते हे खरंच आहे, पण दर वेळी भुकेपोटी नाही. त्या दिवसांत मरळीचे नर-मादी पिल्लांवर पहारा ठेवून असतात, आणि जवळ काहीही हललं की हल्ला करतात. म्हणून तर ती एवढ्या पटकन लागते. बदलापूरला उल्हास नदीच्या काठी गवतालगत थोडा वेळ नुसतं उभं राहून बघा. पाण्यावर एकाच जागी रिमझिम पडल्यासारखे बारीक ठिपके उठतात. नीट पाहिलं की नारिंगी-लाल पिल्लांचा घोळका दिसतो. मरळीला हवा घ्यायला वर यावंच लागतं, तशी ती पिल्लंही सारखी वर येतात. त्यांच्या जरा खाली मोठी सावली सरकते, ती राखणदार. गेल्या पावसात एकाने तिथेच बेडकी टाकून ती मरळ काढली. थोड्याच वेळात घोळका विस्कटला आणि इतर मासे पिल्लांवर तुटून पडले. मला ते बघवलं नाही.

मरळीची चव आणि भाव मलाही ठाऊक आहे, धरूच नका असं म्हणत नाही. पिल्लं मोठी होऊन काळपट पडली की घोळका आपोआप फुटतो, मग खुशाल गरवा. तोवर चिलापी (तिलापिया मासा) आहेच की! ती मूळची आफ्रिकेतली, इथे भरमसाट वाढलीय, आणि गांडुळाला किंवा कणकेच्या गोळीला लगेच लागते.