मदत हवी आहे : 'नॉनप्लस्ड'ला नेमका मराठी शब्द कोणता?

सोलापुरात दहावीच्या मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची चालू आहे, 'नॉनप्लस्ड'वर गाडी अडली. लॅटिन 'नॉन प्लुस' म्हणजे 'आणखी नाही'. पुढे काय बोलावं, काय करावं हेच सुचत नाही, ही मूळ छटा. म्हणून 'गोंधळलेला' सैल वाटतो. गड्ड्याच्या जत्रेत आईचा हात सुटलेलं पोर भांबावतं, ते 'बिविल्डर्ड'. अनपेक्षित प्रश्नाने वक्त्याची बोलती बंद होते, ते 'नॉनप्लस्ड'. 'निरुत्तर' जवळचा, पण त्याला वादात हरल्याचा वास येतो. 'बुचकळ्यात पडलेला' चालेल का? त्यात भर म्हणजे अमेरिकेत हाच शब्द बोलण्यात 'अविचल' अशा उलट अर्थानेही वापरतात (सुरुवातीचं 'नॉन' नकारार्थी समजल्यामुळे असावं). परीक्षेसाठी जुनाच अर्थ द्यायचा, की दोन्ही? वाक्यासकट सुचवा.