'यू शुड हॅव रिसीव्ड' म्हणजे गिऱ्हाईक ओरडलंय काय?

खानापूर_लोकल

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत (धातू ओतायच्या कारखान्यात) मी डिस्पॅचला आहे. शिक्षण मराठी माध्यमातून. एसएसएलसीला, म्हणजे दहावीला, इंग्रजीत मार्क बरे पडले होते, हे कुठूनतरी साहेबांना कळलं आणि परदेशी गिऱ्हाइकांचे मेल माझ्या गळ्यात पडले. 'एक्स्पोर्टचं तू बघ की' म्हणाले आणि मोकळे झाले. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, कंटेनर न्हावा शेवाला कधी लागणार, हे सगळं मी लिहिते. गिऱ्हाईक मनातलं बोलायला लागलं की मात्र अडतं.

इंग्लंडचं एक गिऱ्हाईक आमच्याकडून पंपाच्या बॉडीची कास्टिंगं (ओतीव भाग) घेतं. त्याच्या मेलमधली ही वाक्यं बघा:

यू शुड हॅव रिसीव्ड द रिवाइज्ड ड्रॉइंग बाय नाऊ.
वी मे हॅव टू पुट ऑफ द ट्रायल लॉट.
वी कान्ट पुट अप विथ धिस लेव्हल ऑफ पोरॉसिटी मच लाँगर.
यू माइट वाँट टू लुक इन्टू द कोअर व्हेंट्स.

साहेब म्हणतात पहिल्याच वाक्यात तो ओरडलाय. शुड म्हणजे पाहिजे, शुड हॅव म्हणजे पाहिजे होतं, तेव्हा माफी मागून टाक. पण ड्रॉइंग तर आमच्याकडे आलंय, मग माफी कसली? शेवटचं वाक्य त्यांना एकदम गोड वाटलं, 'ते सवडीनं बघू' म्हणाले. मला नेमकं उलटं वाटतंय. आणि पुट ऑफ, पुट अप विथ यांत 'ठेवणे' हा अर्थ धरून काहीच लागत नाही. उत्तर उद्या जायचंय, कुणीतरी सांगा.

उद्यमबाग_क्यूसी

ताई, माफीची घाई करू नका. पहिल्या वाक्यात तरी तो ओरडलेला नाही.

शुडला शाळेत 'पाहिजे' हा एकच अर्थ चिकटवून देतात. प्रत्यक्षात तो दोन कामं करतो, कधी कर्तव्य सांगतो, कधी अंदाज. यातलं कुठलं चाललंय ते नुसत्या शुडकडे बघून कळत नाही, पुढचं क्रियापद बघावं लागतं. माझी खूण अशी की ती क्रिया त्या माणसाच्या हातातली आहे का? पाठवणं, कळवणं, तपासणं हातातलं. मिळणं, पोचणं हातातलं नाही. 'यू शुड हॅव इन्फॉर्म्ड अस' असं आलं असतं तर ते बोलणं खाण्याचं वाक्य होतं: कळवायला हवं होतं, कळवलं नाहीत. 'यू शुड हॅव रिसीव्ड' मध्ये मिळणं तुमच्या हातात कुठं आहे? पाठवलं त्यानं. म्हणून अर्थ एवढाच, की एव्हाना ड्रॉइंग मिळालं असेल. 'द कास्टिंग्ज शुड रीच यू बाय फ्रायडे' असं तुम्हीही लिहीत असाल. तो काय कास्टिंगना हुकूम असतो?

ही खूण सगळीकडे चालत नाही हेही सांगतो. 'दे शुड हॅव सेंट इट बाय नाऊ' दोन्हीकडे लागतं. पाठवलं असेल, किंवा एव्हाना पाठवायला हवं होतं आणि नाही पाठवलं. तिथं आधीचा मेल उघडून बघायचा, दुसरा इलाज नाही.

दुसऱ्या वाक्यातला 'टू' सोडू नका. 'वी मे हॅव पुट ऑफ' असतं तर 'आम्ही पुढे ढकललं असेल'. 'वी मे हॅव टू पुट ऑफ' म्हणजे 'पुढे ढकलावं लागेल असं दिसतंय'. ठरलेलं काही नाही, तुमच्या उत्तराची वाट बघतोय तो.

राग आहे तो तिसऱ्यात. पोरॉसिटी म्हणजे कास्टिंगमधली छिद्रं, आणि पुट अप विथ म्हणजे खपवून घेणे. कान्ट बघून त्याला जमत नाही बिचाऱ्याला असं वाचू नका, तो 'यापुढे चालणार नाही' म्हणतोय. 'मच लाँगर' आहे म्हणून थोडी मुदत आहे, ती संपली की दुसरी फाउंड्री.

आणि चौथं साहेबांना गोड वाटलं म्हणता? 'बघा' असं सरळ लिहायचा त्याला संकोच, म्हणून माइट. पण गिऱ्हाइकानं लिहिलेलं 'यू माइट वाँट टू' म्हणजे करा, आणि काय निघालं ते कळवा. लुक इन्टू म्हणजे नुसतं बघणं नव्हे, तपास करणं. बरं, तो बोलतोय ते खरंही असू शकतं. कोअर म्हणजे कास्टिंग आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात बसवलेला गाभा, व्हेंट म्हणजे त्यातली गॅस जायची वाट. कोअरचे व्हेंट बुजलेले असले की कोअरमधला गॅस बाहेर पडत नाही, धातूत शिरतो. वरून कास्टिंग गुळगुळीत दिसतं, फेटलिंग (ओतल्यानंतरची साफसफाई) पास होतं, आणि तिकडे मशिनिंगला लावल्यावर कातडी निघाली की आत ब्लो होल. तुमच्याकडे ओके झालेला माल त्याच्याकडे रिजेक्ट होतोय तो बहुतेक असा. फेटलिंगवाल्यांना झापून उपयोग नाही, कोअर शॉपला जाऊन बसा.

जाता जाता एक. पर्चेस ऑर्डरमध्ये 'द सप्लायर शॅल' असं असतं ना, त्याचं गणित वेगळं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं आपल्या मानकांपुरतं ठरवून दिलंय: शॅल म्हणजे बंधनकारक, शुड म्हणजे शिफारस, मे म्हणजे परवानगी, कॅन म्हणजे शक्यता किंवा क्षमता. गुणवत्ता व्यवस्थापनाचं आयएसओ 9001, त्याची 2015 ची आवृत्ती उघडा, पानोपानी शॅल दिसेल. ऑडिटर तिथंच बोट ठेवतो. पण ही फूटपट्टी मेलला लावायला गेलात तर फसाल. मेलमधलं नुसतं 'माइट' पाळलं नाही तरी ऑर्डर हातची जाते.

निपाणी_ट्यूशन

क्यूसी दादांनी शुड, मे, माइट या मोडल्सचं चांगलं सांगितलंय, मी पुटबद्दल लिहिते.

पुटचा अर्थ ठेवणे, त्यात ऑफचा अर्थ मिळवायचा, हा हिशेब जुळत नाही. मराठीत तरी कुठं जुळतो? मनावर घेणे, अंगावर घेणे, हाती घेणे, फैलावर घेणे. सगळीकडे घेणेच, पण घेतलं काय? 'साहेबांनी मला फैलावर घेतलं' यातलं 'घेतलं' आपण कधी सुटं करून बघत नाही. फ्रेजल व्हर्ब, म्हणजे पुट ऑफसारखं जोडून येणारं क्रियापद, तसंच सबंध उचलायचं, आणि ते कशाला लागलंय ते सोबत उचलायचं. पुट ऑफच्या पुढे तारीख, मीटिंग, लॉट आला तर पुढे ढकलणे. मध्ये माणूस आला तर अर्थ बदलतो: 'द स्मेल पुट मी ऑफ' म्हणजे त्या वासानं माझं मन उडालं. म्हणून शंभर फ्रेजल व्हर्ब्जची यादी पाठ करा वगैरे जे सांगतात ना, ते मला पटत नाही. माझ्याकडची पोरं यादी घडाघडा म्हणतात आणि उताऱ्यात तोच शब्द आला की माझ्या तोंडाकडे बघतात.

आपल्याला हे जड जातं त्याला आणखी एक कारण आहे. शाळेत आपण पोस्टपोन, टॉलरेट, इन्व्हेस्टिगेट, रिजेक्ट शिकलो. हे लॅटिनकडून आलेले शब्द. इंग्रज माणूस रोजच्या बोलण्यात त्यांच्या जागी पुट ऑफ, पुट अप विथ, लुक इन्टू, टर्न डाऊन म्हणतो. म्हणजे अवघड समजले जाणारे शब्द आपल्याला सोपे आणि त्यांचे घरगुती शब्द आपल्याला अवघड.

उत्तर लिहिताना मात्र तुम्ही फ्रेजल व्हर्ब वापरलंच पाहिजे असं काही नाही. समजलं की झालं. पोस्टपोन लिहा, इन्व्हेस्टिगेट लिहा, काही बिघडत नाही. वापरायचंच असेल तर 'इट' कुठं बसतो ते सांभाळा. टर्न डाऊन, पुट ऑफ यांत तो मध्ये जातो: 'टर्न इट डाऊन', 'पुट इट ऑफ'. लुक इन्टूमध्ये शेवटी: 'लुक इन्टू इट'. पुट अप विथ तीन शब्दांचं, तेही फुटत नाही: 'पुट अप विथ इट'. मोठ्यानं म्हणून बघा, टर्न इट डाऊन म्हणताना जोर 'डाऊन'वर येतो, लुक इन्टू इटमध्ये 'लुक'वर. कानाला सवय झाली की नियम लागत नाही.

आणि लुक ओव्हर आणि ओव्हरलुक यांची गल्लत करू नका हं. पहिलं म्हणजे नजरेखालून घालणं, दुसरं म्हणजे नजरेतून सुटणं. 'वी हॅव ओव्हरलुक्ड युवर ड्रॉइंग' असं लिहून गेलात तर मग खरंच माफी मागावी लागेल.

वडगावकर

तुमच्या साहेबांना कन्नड येतं काय? येत असणारच, उद्यमबागेत त्याशिवाय दिवस निघत नाही. मग त्यांना कन्नडातून सांगा, लगेच पटेल.

बेकु म्हणजे पाहिजे. 'बरबेकु', यायला पाहिजे. इथवर कर्तव्य. पण 'बंदिरबेकु' म्हटलं की? आला असणार. तिथं कुणी कुणाला यायला सांगत नाही, नुसता अंदाज. तोच बेकु, काम दुसरं. इंग्रजीतला मस्ट हुबेहूब असाच आहे: 'ही मस्ट कम' आणि 'ही मस्ट हॅव कम'. बहुदुचंही तसंच. 'बरबहुदु' म्हणजे येईल कदाचित, आणि यायला हरकत नाही असंही. इंग्रजीतला मे दुसरं काय करतो? आणि 'हेळबेकित्तु' म्हणजे सांगायला हवं होतं, ते ओरडा खाण्याचं 'शुड हॅव टोल्ड'.

कन्नड तरी कशाला, साहेबांचं मराठीच ऐका. ट्रक वेळेवर आला नाही की म्हणत असतील, 'चोर्ला घाटात अडकला असला पाहिजे'. आता हे पाहिजे काय ट्रकला अडकायची सक्ती आहे? 'पाहिजे' दोन्हीकडे चालतं हे त्यांना रोज तोंडात येतं, फक्त इंग्रजी मेल उघडला की विसरतात.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. अंदाजाच्या मस्टचं उलटं मस्ट नॉट होत नाही, कान्ट होतं. 'धिस मस्ट बी अवर कास्टिंग', हे आपलंच असणार. 'धिस कान्ट बी अवर कास्टिंग', हे आपलं असणं शक्य नाही. मस्ट नॉट म्हणजे सरळ मनाई. आणि 'यू डोन्ट हॅव टू सेंड सॅम्पल्स' म्हणजे सॅम्पल पाठवायची गरज नाही, 'यू मस्ट नॉट सेंड' म्हणजे पाठवू नका. आमच्या शेजारच्या शेडमध्ये यावरून भर दुपारी भांडण झालंय, पाठवायचे होते की नव्हते म्हणून. कुरिअरवाला दारात उभा.

खानापूर_लोकल

सगळ्यांचे आभार. चोर्ल्याच्या ट्रकचं साहेबांना सांगितलं. आधी गप्प बसले, मग म्हणाले 'व्हय की'. माफीचा विषय संपला. कोअर शॉपलाही जाऊन आले. तिथले मामा म्हणाले व्हेंटला मेणाची दोरी घालतात, पण गेल्या काही दिवसांत बारीक दोरी आलीय.

उत्तराचा मसुदा असा केलाय, बघता का?

थँक यू, वी हॅव रिसीव्ड द ड्रॉइंग. अबाउट पोरॉसिटी, वी शॅल लुक इट इन्टू. द व्हेंट्स मस्ट बी स्मॉल. प्लीज डू नॉट पुट ऑफ द ट्रायल लॉट. यू हॅड बेटर वेट टिल मंडे.

निपाणी_ट्यूशन

'हॅड बेटर' आधी काढा! त्यात 'नाहीतर बघा' असा सूर आहे. मोठ्या माणसानं पोराला म्हणावं तसं. गिऱ्हाइकाला नाही. 'कुड यू वेट टिल मंडे' पुरे.

उद्यमबाग_क्यूसी

'लुक इट इन्टू' नाही, 'लुक इन्टू इट', वर ताईंनी सांगितलंय. पण तुम्ही तर तपास सुरू केलाय, मग 'वी विल' तरी कशाला? 'वी आर लुकिंग इन्टू इट' लिहा. शॅल ऑर्डरच्या कागदावर राहू दे.

'द व्हेंट्स मस्ट बी स्मॉल' मध्ये दोन घोटाळे आहेत. एक, तो अर्थ 'व्हेंट लहान असलेच पाहिजेत' असाही लागतो, ड्रॉइंगवर टीप लिहावी तसा. दुसरा, मस्ट म्हणजे तुमची जवळजवळ खात्री, आणि अजून एकही कोअर फोडून बघितलेला नाही. 'द व्हेंट्स मे हॅव बीन टू स्मॉल' करा. झालं असेल, तपासतोय. उद्या कारण दुसरंच निघालं तर शब्दात अडकायला नको.

लॉटसाठी 'वी होप यू वोन्ट हॅव टू पुट ऑफ द ट्रायल लॉट'. त्यानं मे हॅव टू वापरलंय, त्यालाच धरून. आणि खाली तारीख टाका, कुठल्या दिवशी रिपोर्ट देणार ती. त्याला इंग्रजीपेक्षा तिच्यात जास्त रस असणार.

जुन्या दोरीचे आणि नव्या दोरीचे कोअर वेगळे ठेवायला सांगा मामांना, एकाच हीटमध्ये (एका वेळच्या वितळलेल्या धातूत) दोन्ही ओता आणि कास्टिंगवर खूण करा. मशिनिंगनंतर काय दिसलं ते इथं लिहा.