मदत हवी आहे: जोडफोटोत चष्म्याची चमक आणि पांढरी टोपी

सांगलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्तानं आजी-आजोबांचे जोडफोटो खूप येतात. आजोबा सावळे, पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. शेजारी आजींची जरीची नऊवारी. चेहरा नीट उजळला की टोपीची घडीच दिसत नाही, नुसता पांढरा ठिपका. टोपी सांभाळली की चेहरा काळवंडतो.

खोली १० बाय १४ फूट, स्लॅब ९ फुटांवर. ३०० वॉट-सेकंदचे दोन स्ट्रोब (फ्लॅश लाईट), उजेड मऊ करणारा ६० बाय ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स, एक छत्री, उजेड परतवायला थर्माकोल. मागे राखाडी मलमलचा पडदा.

लाईट होईल तेवढा वर नेला. भिंगांवरची चमक गेली, पण डोळ्यांच्या खोबणीत सावली पडली. चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचलल्या. एकट्याच्या फोटोत जमतं, पण दोघं एकमेकांकडे वळले की कुणाच्या तरी भिंगात सॉफ्टबॉक्स उमटतोच. लेन्सवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर) लावला, तर त्यानं नुसता उजेडच खाल्ला. सॉफ्टबॉक्स ३ फुटांवरून ६ फुटांवर नेल्यावर टोपी-चेहऱ्यातला फरक घटला, पण उजेड कडक झाला आणि पडदाही उजळला.

चष्मा काढायला किंवा भिंगं काढलेली फ्रेम द्यायला मी तयार नाही. घरच्यांना आजोबा तसेच हवे असतात. चमकेखाली डोळाच नसेल तर रिटचिंगही खोटंच. जागा भाड्याची, छताला भोक पाडता येत नाही. बजेट पाच हजार.

सॉफ्टबॉक्सला ग्रिड (उजेड बाजूंना पसरू न देणारी जाळी) घ्यावी, की टोपीवरचा उजेड काळ्या पुठ्ठ्यानं अडवावा? आणि जोडफोटोत दुसरा लाईट नेमका कुठं ठेवता?