पेल्विक फ्लोअर रिपेअर झालंय, ऑफिस कधी जॉईन करू? घोडबंदर ते राबाळे रोजचा प्रवास

कासारवडवलीकर

नमस्कार मैत्रिणींनो. वय 46. माझं गर्भाशय खालून काढलंय आणि त्याच वेळी पेल्विक फ्लोअर रिपेअर (ओटीपोटाच्या तळाचा सैल झालेला आधार टाक्यांनी घट्ट करणं) केलंय, पुढचं मागचं दोन्ही. लघवीची पिशवी पण उतरली होती आणि रेक्टोसील (मलाशय योनीमार्गात फुगून येणं) पण होतं. अंग बाहेर यायचा त्रास धाकट्याच्या वेळेपासूनच होता, मधे आतून आधार देणारी रिंग बसवून बघितली, व्यायाम केले, पण गेल्या वर्षात उभं राहिलं की खाली गोळा आल्यासारखं व्हायचं आणि लघवी पूर्ण व्हायची नाही, मग ऑपरेशनचं ठरवलं.

आता चौथा आठवडा संपत आलाय. दुखणं जवळजवळ नाही. पांढरट पिवळसर अंगावर जातंय, मधे पॅडवर दोऱ्याचा बारीक तुकडा दिसला, डॉक्टर म्हणाले टाके विरघळतायत, पडणारच. दिवसभर बरी असते पण संध्याकाळी खाली जड वाटतं आणि आडवं झालं की कमी होतं.

मी राबाळे एमआयडीसीत अकाउंट्सला आहे. सरांचा दर दोन दिवसांनी फोन, "बसूनच तर काम आहे ना, सोमवारपासून या". बसून काम आहे हो, पण तिथपर्यंत जायचं कसं? घरापासून शेअर रिक्षा किंवा टीएमटीची बस, घोडबंदरचे खड्डे, मग ठाणे स्टेशनला जिना चढून पुलावरून ट्रान्स हार्बर लोकलच्या प्लॅटफॉर्मला, लेडीज डब्यात उभं राहून राबाळे, खाली उतरून परत रिक्षा. तेच सगळं संध्याकाळी उलट. डॉक्टरांनी 6 आठवडे सांगितलेत पण घरच्यांना आणि ऑफिसला वाटतं की मी चालते फिरते म्हणजे झालं बरं.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी प्लीज सांगा, तुम्ही कधी गेलात, कशा गेलात, आणि ऑफिसात नक्की काय सांगितलंत? आमच्या डिपार्टमेंटला सगळे पुरुष आहेत.

नौपाडा_शिक्षिका

ताई, आधी एक सांगते, 6 आठवडे म्हणजे 6 आठवडेच घ्या. माझं हेच ऑपरेशन झालं तेव्हा मलाही चौथ्या आठवड्यात अगदी छान वाटायला लागलं होतं आणि आमच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या होत्या की याच वेळेला सगळ्या बायका बादल्या उचलतात. पोटावर टाका दिसत नाही ना, त्यामुळे बघणाऱ्याला काही झालंय असंच वाटत नाही.

मी शाळेत आहे त्यामुळे माझी अडचण उलटी, बसणं नाही तर उभं राहणं आणि तीन मजले. दोन महिन्यांच्या आसपास गेले. मुख्याध्यापिकांना भेटून सांगितलं की माझे तास तळमजल्यावर ठेवा आणि परिपाठाला मी खुर्ची घेऊन बसणार. त्यांनी लगेच केलं. रजेचं म्हणाल तर आमच्याकडे अर्धवेतनी रजा वर्षाला 20 दिवस साठते, ती मेडिकल सर्टिफिकेटवर परिवर्तित करून पूर्ण पगारी घेता येते, फक्त एका दिवसामागे खात्यातले दोन दिवस जातात. हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. तुमच्याकडे कंपनीचे नियम असतील, पण दुकाने आस्थापना कायद्याखाली येत असाल तर अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठवता येते, तुमची किती शिल्लक आहे ते आजच एचआरला विचारा. सरांशी फोनवर घासाघीस करू नका, सर्टिफिकेटवर तारीख लिहून घ्या आणि मेल टाका. तोंडी बोललेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

काय सांगायचं? मी "पोटाचं मोठं ऑपरेशन झालंय, वजन उचलायचं नाही आणि सलग उभं राहायचं नाही" एवढंच सांगितलं. पुरुष सहकाऱ्यांनी पुढे एक प्रश्न विचारला नाही. जवळच्या दोघींना मात्र सगळं खरं सांगितलं, आणि त्यातली एक महिन्याभराने स्टाफरूममध्ये मला बाजूला घेऊन म्हणाली की माझंही अंग बाहेर येतं, सात वर्षं झाली, कुणाला बोलले नाही. ती नंतर डॉक्टरकडे गेली. म्हणून मी इथे एवढं लिहितेय.

फिजिओ_वाशी

मी पेल्विक हेल्थमध्येच काम करते. ज्या पेशंट येतात त्यांना मी जे समजावते तेच लिहिते, तुमच्या सर्जननी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

रिपेअरमध्ये काय होतं, तर योनीमार्गाच्या आणि लघवीच्या पिशवीच्या किंवा मलाशयाच्या मधला जो मजबूत पडदा सैल झालेला असतो तो ओढून टाक्यांनी जवळ आणतात. हे टाके विरघळणारे असतात. म्हणजे टाके हळूहळू कमजोर होत जातात आणि तेवढ्या वेळात तुमच्या शरीराने तिथे नवीन टिश्यू भरायचा असतो. पूर्ण ताकद यायला साधारण 3 महिने धरा. तुम्ही आत्ता बरोबर मधल्या टप्प्यात आहात, दुखणं संपलंय पण आतलं जुळणं चालू आहे. पोटात दाब वाढला की तो सरळ या टाक्यांवर येतो, मग तो वजन उचलून वाढो, खोकून वाढो नाहीतर संडासला कुंथून. आणि हे ऑपरेशन केलेल्या साधारण दहातल्या तिघींना पुढे कधीतरी परत प्रोलॅप्सचा, म्हणजे अंग बाहेर यायचा त्रास होतो, म्हणून मी या काळाबद्दल इतकी कडक आहे.

बद्धकोष्ठ अजिबात होऊ देऊ नका. इसबगोल किंवा डॉक्टरांनी दिलेलं सिरप, पाणी, पालेभाजी, पपई. कमोडवर बसताना पायाखाली पाट ठेवा म्हणजे गुडघे कंबरेपेक्षा वर येतील, पुढे वाका, श्वास सोडत करा. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटलं की आधी खालचे स्नायू आवळून धरा आणि मग खोका, उठून उभं राहतानासुद्धा हेच. ही सवय जन्मभर ठेवायची. केगलचे, म्हणजे खालचे स्नायू आवळायचे व्यायाम सर्जनने हो म्हटल्यावर सुरू करा, गॅस आणि लघवी दोन्ही रोखतोय असं आत वर ओढायचं, पोट आणि मांड्या सैल, श्वास चालू. सुरुवातीला दोन-तीन सेकंदच जमेल, हळूहळू 10 सेकंदांपर्यंत, दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना मधेच थांबवून व्यायाम करू नका.

संध्याकाळचं जडपण या टप्प्यात खूप जणींना असतं. दुपारी अर्धा तास कंबरेखाली उशी घेऊन झोपा. ऑफिसात सलग तास तास बसू नका, अर्ध्या तासाने उठून चार पावलं चाला, पायांच्या रक्तासाठी पण ते चांगलं.

लगेच डॉक्टरकडे कधी जायचं तेही लिहिते: ताप, घाण वासाचं जाणं, पाळीसारखं ताजं लाल रक्त, लघवीला जळजळ किंवा लघवी अडकणं, आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थांबूच नका, सरळ हॉस्पिटल.

ऐरोली_सेक्टर_आठ

मी तिसऱ्या आठवड्यात ऑफिसला गेले होते, मला काहीच झालं नाही. फार घाबरवू नये असं वाटतं. घरी बसून डोकं जास्त फिरतं.

फिजिओ_वाशी

ताई, तुम्हाला त्रास झाला नाही ते चांगलंच आहे. तुमचं फक्त पुढचं रिपेअर होतं का, ऑफिस घराजवळ होतं का, यावर बरंच अवलंबून असतं. बैठं काम असेल तर चार ते सहा आठवड्यांत खूप बायका जातात. पण कासारवडवलीकर ताईंचं गर्भाशयासकट दोन्ही बाजूंचं झालंय आणि रोज दोन तास धक्के आहेत, त्यांनी तुमच्यावरून तारीख ठरवू नये एवढंच.

घणसोली_दादा

मी पुरुष आहे, लिहू की नको विचार करत होतो. माझ्या बायकोचं हे ऑपरेशन झालंय. आमच्याकडे ऑफिसपेक्षा घरातलंच जास्त नडलं असतं. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की सुरुवातीचे 6 आठवडे 4-5 किलोच्या वर काही नाही. घरी आलो आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवून बघितली. पाण्याने भरलेली आंघोळीची बादली 15 लिटरची, म्हणजे 15 किलो आणि वर बादली. दळणाचा डबा. ओल्या चादरी मशीनमधून काढतो ते पिंप. वरण शिजवलेला मोठा कुकर सुद्धा काठावर आला. सिलिंडर तर भरलेला जवळपास 30 किलो, तो सरकवायचा पण नाही.

मग मी बाथरूममध्ये शॉवरच चालू केला, बादली नाहीच. दळण मी आणि मुलगा आणतो. फरशी उकिडवं बसून पुसणं बंद, मॉप आणला तो पण आम्हीच मारतो. आई सुरुवातीला म्हणायची आमच्या वेळी बाळंतपणानंतर लगेच कामाला लागायचो. मी शांतपणे सांगितलं की आई, लगेच कामाला लागल्यानेच तर तुलापण हा त्रास आहे, चल तुलाही दाखवू. दाखवलं, तिला आता रिंग बसवलीय.

ज्या दादांच्या घरी हे चालू असेल त्यांनी हे वाचा. तिने सांगायची वाट बघू नका, बादली आपणच उचला.

महापे_पॅकिंग

मी कंपनीत पॅकिंगला आहे, बॉक्स उचलायचं काम. मला डॉक्टरांनी 3 महिने उचलायला नाही सांगितलेलं. सुपरवायझरने टेबलावर लेबल लावायला बसवलं आधी. ज्यांचा इएसआय (कर्मचारी राज्य विमा) पगारातून कापला जातो त्यांनी सुट्टी बिनपगारी टाकू नका. पगार 21,000 पर्यंत असेल तर इएसआय लागू असतं, आणि आजारपणाच्या सुट्टीला पगाराच्या 70 टक्के मिळतात, वर्षात 91 दिवसांपर्यंत. त्यासाठी आधीच्या सहा महिन्यांच्या योगदान काळात 78 दिवसांचं योगदान भरलेलं हवं. सर्टिफिकेट इएसआयच्या डॉक्टरचं लागतं, ऑपरेशन बाहेर केलं असलं तरी कागद घेऊन दवाखान्यात जायचं. माझ्यासोबतच्या बऱ्याच जणींना हे माहीतच नव्हतं.

कासारवडवलीकर

सगळ्यांचे मनापासून आभार, खरंच डोळे भरून आले वाचताना. घणसोली दादांचं उत्तर मी आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, ते काही बोलले नाहीत पण संध्याकाळी दळण घेऊन आले.

शुक्रवारी डॉक्टरांकडे तपासणी आहे. ठरवलंय की 6 आठवडे पूर्ण झाल्याशिवाय नाही, आणि नंतरचे दोन आठवडे घरून काम मागायचं. जीएसटीचं आणि बँक रिकन्सिलिएशनचं सगळं लॅपटॉपवर होतं, ऑफिसला फक्त व्हाउचरच्या फायली असतात आणि त्या जड फायली कपाटाच्या खालच्या खणात, तेच नको आहे मला. मेल आत्ताच टाकला. एकच विचारायचं राहिलं, प्रवास सुरू करताना एकदम रोज करू की दिवसाआड? आणि रिक्षा बरी की बस?

नौपाडा_शिक्षिका

दिवसाआड सुरू करा, आणि पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी कुणाला तरी बरोबर घेऊन नुसतं स्टेशनपर्यंत जाऊन या, रात्री किती जड वाटतंय ते बघा. शेअर रिक्षात मागे मधे बसू नका, धक्का दोन्हीकडून लागतो. बसमध्ये पुढच्या भागात जागा मिळत असेल तर बस बरी, अगदी मागची सीट नको, तिथे सगळ्यात जास्त उडायला होतं. स्टेशनला सरकता जिना किंवा लिफ्ट चालू असेल तोच पूल घ्या, दोन मिनिटं लांब पडला तरी. सकाळची वेळ सरांकडून एक तास पुढे करून घ्या, दहानंतर ट्रान्स हार्बरला बसायला मिळतं. पर्समध्ये डबा, छत्री, लॅपटॉप सगळं मिळून 4 किलो सहज होतं, त्यामुळे लॅपटॉप ऑफिसला ठेवायचा की घरी ते आधीच ठरवा, रोज नेआण नको.

आणि शुक्रवारी तपासणीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या: जिने, गाडीत बसणं, केगल कधीपासून, संबंध कधीपासून, वजन किती. फिटनेस सर्टिफिकेटवर "वजन उचलणे टाळावे" हे शब्द लिहून मागा, डॉक्टर देतात. काय म्हणाले ते इथे नक्की कळवा.