ग्रहणाची मेंबर्स-ओन्ली क्रूझ: माणशी 80 हजार जास्त द्यावेत का?

पौडरोडची_मावशी

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्या ह्यांना आकाशाचं वेड. लग्न ठरलं तेव्हाच सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की मुलगा रात्री गच्चीवर सापडेल, काळजी करायची नाही. रिटायर झाल्यापासून तर बघायलाच नको. आता 2 ऑगस्ट 2027 ला मोठं खग्रास सूर्यग्रहण आहे, स्पेनचं खालचं टोक, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया करत इजिप्तवरून सौदीकडे जाणारं. पुण्यातून दुपारनंतर खंडग्रास दिसेल म्हणे, पण ऑगस्टमध्ये आपल्याकडे सूर्य किती दिसतो ते सगळ्यांना माहितीये. त्यात त्या दिवशी आषाढ अमावस्या, म्हणजे अर्ध्या गावाचं लक्ष गटारीकडे.

तर ह्यांच्या ओळखीतल्या एका ग्रुपने ग्रहण-स्पेशल क्रूझ काढलीये, बार्सिलोना ते बार्सिलोना, सात रात्री, फक्त मेंबर्ससाठी. मेंबरशिप माणशी 5 हजार आणि बाल्कनीची केबिन माणशी 2 लाख 20 हजार, विमान व्हिसा वेगळं. मुलीने सहज क्रूझ कंपनीच्या साईटवर बघितलं तर तेच जहाज, त्याच तारखा, तशीच बाल्कनी 1 लाख 45 हजार! म्हणजे आम्हा दोघांचा फरक झाला 1 लाख 60 हजार. त्यात काय मिळतं तर रोज एक लेक्चर, ग्रहणाचे चष्मे, डेकवर राखीव जागा, टी-शर्ट, टोपी आणि ‘समविचारी लोकांची सोबत’. मी ह्यांना म्हणलं टोपी देतायत का घालतायत ते आधी बघा.

हे म्हणतात आयुष्यात एकदाच. मी म्हणते तेच आयुष्यात एकदाच डायरेक्ट बुकिंग करून बघू, उरलेल्या पैशात बाल्कनीचं ग्रिल आणि किचनचा ओटा दोन्ही होईल. कोणी अशा थीम क्रूझवर गेलंय का? बुकिंगची मुदत महिनाअखेरीची आहे आणि घरात सध्या जेवताना फक्त बातम्यांचा आवाज असतो.

दुर्बीणवाले_काका

मावशी, ह्यांना माझा नमस्कार सांगा, माणूस आपल्यातला दिसतोय.

मी तीन खग्रास ग्रहणांच्या मागे धावलोय. 1995 ला दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, राजस्थानात नीम का थाना, आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, खग्रास जेमतेम पन्नासेक सेकंद, पण कडेला शेवटचा किरण चमकतो ती हिऱ्याची अंगठी अजून डोळ्यासमोर आहे. 1999 ला कच्छ, ढग. 2009 ला सुरत, बावीस जुलै, बसने रात्रभर गेलो, पहाटे सव्वासहाच्या पुढे अंधार झाला, पक्षी गप्प झाले, कुत्री भुंकायला लागली आणि सूर्य काही दिसला नाही. तीन मिनिटं आम्ही काळ्या ढगाकडे बघत उभे होतो. बायको परत येताना बसमध्ये एक अक्षर बोलली नाही, बऱ्याच वेळाने म्हणाली पोहे तरी चांगले होते.

हे सांगायचं कारण म्हणजे समुद्रावरून ग्रहण बघण्याचा खरा फायदा एकच, जहाज हलतं. ढग आले तर कॅप्टन वीस-तीस मैल इकडेतिकडे जाऊन मोकळं आकाश शोधू शकतो. पण हे कधी होतं? जेव्हा अख्खं जहाज ग्रहणवाल्यांनी चार्टर केलेलं, म्हणजे पूर्ण भाड्याने घेतलेलं असतं तेव्हा. तुमच्या ग्रुपने जर मोठ्या जहाजातल्या शंभरेक केबिन नुसत्या ब्लॉक केल्या असतील तर बाकीचे दोन-तीन हजार लोक सुट्टीवर आलेले, कॅप्टन त्यांचं वेळापत्रक सोडून तुमच्यासाठी ढग चुकवत बसणार नाही. त्यामुळे लेक्चर टोपी वगैरे सोडा, पहिला प्रश्न हा विचारा की फुल चार्टर आहे का ग्रुप बुकिंग. दुसरा प्रश्न, 2 तारखेला सकाळी तिथल्या पावणेअकराच्या सुमारास जहाज नक्की कुठे असणार. बार्सिलोनाच्या धक्क्यावर असेल तर खग्रास नाहीच, नुसतं खंडग्रास. मलागाला बांधलेलं असेल तर दोन मिनिटंसुद्धा नाही. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, दक्षिणेला सेउताच्या बाजूला असेल तर साडेचार मिनिटांच्या वर. एकाच ग्रहणात एवढा फरक आहे, पैसे देताना त्याच्याकडे बघायचं.

सदाशिवपेठी_हिशोब

सूर्य मेंबरशिप कार्ड विचारतो का?

डेक सगळ्यांचाच असतो. चष्मे चार-पाचशे रुपयांत मिळतात, फक्त त्यावर आयएसओ 12312-2 लिहिलेलं बघून आणि विश्वासाच्या माणसाकडून घ्या, आणि खग्रास स्थितीत तर चष्मा काढूनच बघायचं असतं. लेक्चर म्हणाल तर टिळक रोडला टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, 1944 पासून हेच काम करतायत, तिथे जाऊन बसा. उरली टोपी. तुळशीबागेत शंभर रुपये.

आणि एक, परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात तो कोटेशनमध्ये धरलाय का विचारा. तो रिटर्न भरताना वळता होतो पण तोपर्यंत पैसे अडकतात. टिप म्हणजे ग्रॅच्युइटी पण वेगळी लागते, माणशी दर दिवशी, सात रात्रींची बेरीज करा मग बोला.

लाटेवरची_लेखा

माझा अनुभव ग्रहणाचा नाही पण थीम क्रूझचा आहे म्हणून लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चार मैत्रिणी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझवर एका ग्रुपबरोबर भावगीतांच्या थीमवर गेलो होतो, नाव घेत नाही. जाहिरातीत समुद्र, चांदणं, हार्मोनियम असं सगळं होतं. प्रत्यक्षात आमच्या ग्रुपला जो लाउंज मिळाला तो रात्री साडेनऊपर्यंत दुसऱ्या कार्यक्रमाला दिलेला, मग आमचं सुरू व्हायचं दहाला, आणि वरच्या पूल डेकवर डीजे, म्हणजे गाणाऱ्या बाई ‘सा’ लावतायत आणि छतातून धडधड येतीये. ऑर्गनायझर बिचारा धावपळ करत होता पण जहाज त्याचं थोडंच होतं. जेवण, केबिन, समुद्र सगळं उत्तम, आणि ते बाकीच्या पब्लिकलाही तेच मिळत होतं, आमच्यापेक्षा माणशी बारा हजार कमी देऊन. सगळ्यात राग कशाचा आला सांगू, शेवटच्या दिवशी कळलं की त्या लाउंजच्या दाराशी कोणी कार्ड बघतच नव्हतं. इंदूरचं एक जोडपं तीनही रात्री पहिल्या रांगेत बसून ऐकून गेलं. छान दाद देत होते, तक्रार नाही.

त्यामुळे मावशी, ‘राखीव’ म्हणजे काय ते लेखी घ्या. कुठला डेक, किती वाजल्यापासून, आणि क्रूझ कंपनीने ते कबूल केल्याचा मेल आहे का.

एकटीच_फिरते

सगळे एकाच बाजूने बोलतायत म्हणून जरा उलटं लिहिते.

मी 54, एकटी. क्रूझचे भाव दोघांत एक केबिन धरून असतात, एकट्या माणसाला बऱ्याचदा जवळपास दुप्पट पडतं. ग्रुपमधून गेलं की ते रूममेट शोधून देतात, तिथेच जास्तीचे पैसे वसूल. शिवाय 26 डिसेंबर 2019 च्या कंकणाकृतीला मी एका ग्रुपबरोबर केरळात गेले होते, कासरगोडच्या बाजूला, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी झाडाच्या सावलीकडे बोट दाखवलं, पानांच्या फटीतून जमिनीवर शेकडो बांगड्या पडल्या होत्या! मी एकटी असते तर वरच बघत राहिले असते. ते लेक्चर नव्हतं, सोबत होती, आणि तिचा भाव मला नाही ठरवता येत. मावशी, तुम्ही दोघं आहात म्हणून केबिनचा मुद्दा तुम्हाला लागू नाही, पण तुमचे ‘हे’ तुमच्याशी ग्रहणावर किती बोलू शकतात, आणि तुम्ही किती ऐकून घ्याल?

पौडरोडची_मावशी

@एकटीच_फिरते, बरोबर ओळखलंत. मी पंधरा मिनिटं ऐकते, मग कुकर लावते.

तर अपडेट. ह्यांनी काकांचे दोन्ही प्रश्न ग्रुपच्या माणसाला फोनवर विचारले, मी स्पीकर लावायला सांगितला होता. चार्टर नाही, साठ केबिन ब्लॉक केल्यात. जहाज कुठे असेल तर म्हणाले ‘ॲट सी’. मग मुलीने साईटवर वेळापत्रक उघडलं, टँजियर, काडीझ, मग 1 तारखेला रात्री काडीझहून निघून 2 ला दुपारी 2 वाजता मलागा. म्हणजे मधे सामुद्रधुनी, बरोबर ना काका? राखीव डेकबद्दल म्हणाले कंपनीशी बोलणं चालू आहे. बोलणं चालू आहे! पैसे मात्र चालू महिन्यात.

अजून एक कळलं, पूर्ण पैसे जानेवारीत भरायचेत आणि शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिन्यांपेक्षा आधी करता येत नाही. व्हिसा नाही मिळाला तर काय, तर मेंबरशिप आणि अर्धी रक्कम परत नाही. डायरेक्टमध्येसुद्धा तारखेप्रमाणे कापतात पण टप्पे तरी छापलेले आहेत.

दुर्बीणवाले_काका

वेळापत्रक चांगलंय हो! दोनला मलागा म्हणजे पावणेअकराला जहाज जिब्राल्टर ओलांडून थोडं पूर्वेला असावं, खग्रास पट्ट्याच्या आत. स्पेनचा किनारा धरून गेलं तर मिनिटं कमी, दक्षिणेला सरकलं तर जास्त, ते कॅप्टनच्या हातात. सामुद्रधुनीत जहाजांची प्रचंड वर्दळ असते, जायच्या यायच्या लेन ठरलेल्या, वाटेल तिथे थांबता येत नाही. आणि वेळापत्रक बदलायचा हक्क क्रूझ कंपनीकडे असतोच, तो ग्रुपवाल्यालाही तितकाच लागू. म्हणजे तुमचे 1 लाख 60 हजार जहाज एक इंचसुद्धा हलवत नाहीयेत.

ढगाचं म्हणाल तर तिथे लेव्हांते नावाचा पूर्वेचा वारा सुटला की जिब्राल्टरच्या डोंगरावर ढगाची टोपी बसते. (तुमच्याकडे टोप्याच टोप्या.) खात्रीचं आकाश हवं असेल तर इजिप्तमधलं लक्झर, सहा मिनिटांच्या वर खग्रास, ढग जवळजवळ नाहीतच, पण भर दुपारी एकच्या सुमारास सूर्य डोक्यावर आणि पारा चाळीसच्या पुढे. मी तिकडे जाणार आहे. मावशींना क्रूझ हवी असेल तर नाही सुचवणार.

अजून दोन गोष्टी. ग्रहणासाठी बाल्कनीचे पैसे देऊ नका. सूर्य पूर्वेला चांगला वर असेल, जहाजाचं तोंड जरा फिरलं की तुमची बाल्कनी उलट्या बाजूला. उघड्या डेकवर जायचं, वारा कमी लागेल असा कोपरा आदल्या दिवशी हेरून ठेवायचा. आणि डेकचे दिवे! बऱ्याच ठिकाणी अंधार झाला की ते आपोआप लागतात. रिसेप्शनला दोन दिवस आधी चिठ्ठी द्या, दहा जणांनी दिली तर विचार करतात. सूर्याकडे बघताबघता एकदा पश्चिमेच्या क्षितिजाकडे पण बघा, चंद्राची सावली पाण्यावरून धावत येताना दिसते, जमिनीवर घरंझाडं मधे येतात. ह्यांना फोटो काढू देऊ नका, पहिल्या खग्रासला माझा निम्मा वेळ कॅमेऱ्यात गेला होता.

सदाशिवपेठी_हिशोब

आतली केबिन घ्या, बिनखिडकीची. अजून तीस-चाळीस हजार वाचतील. झोपायलाच जायचंय ना.

लाटेवरची_लेखा

हिशोबराव, सात रात्री बिनखिडकीच्या खोलीत बायको काय बोलते ते ऐकायला तुम्ही या मग. मावशी, निदान खिडकीची घ्या. आणि टँजियर मोरोक्कोत आहे, शेंगेनच्या बाहेर जाऊन परत आत येणार, म्हणजे व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच लागेल, अर्जात नीट लिहा. ट्रॅव्हल इन्शुरन्स क्रूझसकट घ्या, जहाजावरच्या डॉक्टरचं बिल मी बघितलंय, साधी उलटीची गोळी आणि इंजेक्शन होतं.

पौडरोडची_मावशी

झालं ठरलं. डायरेक्ट बुकिंग, खिडकीची केबिन. मुलीने काल रात्री केलं, शाकाहारी जेवणाचं पण कळवलं.

ह्यांचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता, मग मीच त्या ग्रुपच्या माणसाला फोन केला की आम्ही त्याच जहाजावर आहोत, तुमची लेक्चर्स तेवढी वेगळे पैसे देऊन ऐकता येतील का. आधी नाही म्हणाले, नियमात बसत नाही. मग मी म्हणलं आमचे हे चाळीस वर्षं आकाश बघतायत, तुम्हाला हवं तर एखादा तास तेच बोलतील. काल त्यांचा मेल आलाय, ‘पाहुणे वक्ते’ म्हणून विचारलंय, मेंबरशिप माफ. फक्त ह्यांची, माझी नाही. मला चालतंय, मी तेव्हा खिडकीत बसेन.

आता हे म्हणतायत की एवढे पैसे वाचले तर त्यातले चाळीस हजार हलत्या जहाजावर चालेल अशा, चित्र स्थिर ठेवणाऱ्या दुर्बिणीला द्या. त्यावर वेगळा धागा काढते.