लॉनच्या जागेवर दुकानं, ऑफिसं आणि वर फ्लॅट: विरोध करावा का?

सुभाषनगरकर:
नागपुरातल्या आमच्या ले-आउटच्या (प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या) तोंडाशी लग्नाचं लॉन होतं, ते विकलं गेलं. आता तिथे खाली दुकानं, मधे ऑफिसं आणि वर बारा मजले फ्लॅट असा प्रस्ताव आहे. मेट्रो स्टेशन चालत पाच-सात मिनिटांवर, म्हणून एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) दणकून मिळणार.

रविवारी हरकतीच्या अर्जावर सह्या घेणार आहोत. माझा विरोध आहे, आणि तो दुकानांसाठी नाही. आतला रस्ता ९ मीटरचा. तो सिमेंटचा झाला तेव्हा आमच्या अंगणांपेक्षा वीतभर वर गेला. मोठा पाऊस आला की रस्त्याचं पाणी गेटखालून पोर्चमध्ये. अर्ध्या गल्लीने गेटात विटांचा उंबरा बांधून घेतला आहे, त्यावरून स्कूटर चढवताना रोज बुड आपटतं. लॉनची जमीन निदान पाणी प्यायची. तिथे आता दोन बेसमेंट खणणार. पाणी जाईल कुठे?

महालची_सून:
भाऊ, लॉन होतं तेव्हा रात्री डीजे आणि सकाळी पत्रावळींचा ढीग, ते बरं होतं का? आणि खाली दुकान वर घर हे काय नवीन आहे? जुन्या शहरात, महालात, इतवारीत पिढ्यान् पिढ्या असंच राहतात लोक. माझ्या सासूबाईंना औषध पाहिजे असलं की जिना उतरतात, घेऊन येतात. तुमच्याकडे दह्याच्या पाकिटासाठी गाडी काढावी लागते.

सुभाषनगरकर:
ताई, डीजेच्या तक्रारी आम्हीच केल्या होत्या. आणि महालात गाडी कुठे लावता, तेही लिहा एकदा.

एमआयडीसी_शिफ्ट:
मी हिंगणा एमआयडीसीत आहे, वाडीत भाड्याने राहतो. तुमच्या ले-आउटमध्ये प्लॉट घेणं आता पगारदार माणसाच्या आवाक्यात राहिलं नाही. मग आम्ही जायचं कुठे? बेसा, बेलतरोडीच्या पुढे, टँकरच्या भरवशावर? मेट्रोचा पहिला टप्पा मंजूर झाला तोच ८,६८० कोटींचा. एवढा पैसा ओतून स्टेशनजवळ एकमजली बंगले आणि आंब्याची झाडंच ठेवायची असतील, तर दुपारी मेट्रोचे डबे रिकामेच फिरणार. तुम्हाला स्टेशन पाहिजे, शेजारी नको, असं दिसून राहिलं.

अंबाझरी_ले-आउट:
शेजारी पाहिजेत, बेसमेंट नको. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही. काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घरांत शिरली. झोपेतून उठून लोक वरच्या मजल्यावर पळाले. पार्किंगमधल्या गाड्या तर गेल्याच. बिल्डरला एकच विचारा: बेसमेंटमधलं पाणी उपसून टाकणार कुठे? पंप आहे, हे उत्तर नाही. तो पंप तुमच्याच गल्लीत ओतेल.

नकाशावाला:
इथे नियमाचं थोडं बोलू. मेट्रोच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत प्रीमियम भरून जास्तीचा एफएसआय मिळतो, कमाल ४. पण तो सरसकट नसतो. समोरचा रस्ता जितका रुंद आणि प्लॉट जितका मोठा, त्या हिशोबाने. नुसत्या ९ मीटरच्या रस्त्यावर एवढे मजले बसत नाहीत. म्हणजे या प्लॉटला दुसरं तोंड असणार. लॉनचं मोठं फाटक कोणत्या बाजूला होतं?

सुभाषनगरकर:
मोठ्या रस्त्याला. पण जाहिरातीतल्या चित्रात गाड्यांचा रॅम्प आमच्या गल्लीत दाखवला आहे.

नकाशावाला:
मग दुखणं तिथेच आहे. एफएसआय मोजला मोठ्या रस्त्यावर, गाड्या सोडल्या तुमच्या गल्लीत. मोठ्या रस्त्यालगतचा प्रत्येक फूट दुकानाचा. रॅम्पसाठी तो सोडायला बिल्डर राजी होत नाही. मजल्यांवर भांडून फार काही हाती लागणार नाही, ते नियमात बसवूनच आणतात. गेट आणि नाली, यावर भांडा. मंजूर नकाशा महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर चढतो, तेव्हा पाहू म्हणाल तर उशीर झालेला असतो. आत्ताच माहिती अधिकारात नकाशा मागा आणि लेखी हरकत देऊन ठेवा.

कूलरवाला:
राजेहो, ऑफिसं म्हणजे काय ते आधी विचारा. नकाशात ऑफिस, ताबा मिळाला की कोचिंग क्लास. संध्याकाळी एक बॅच सुटते, दुसरी भरते, आणि मोपेडी पार तुमच्या तुळशीपर्यंत. आमच्याकडे पाहून जा.

महालची_सून:
पोरं शिकून राहिली तरी त्रासच का तुम्हाला?

कूलरवाला:
शिकू द्या ना. गाड्या आत लावा म्हणतो फक्त.

एमआयडीसी_शिफ्ट:
गेटचं पटलं. क्लासच्या पार्किंगचंही पटलं. रविवारी अर्जावर सह्या घेणार आहात ना? गेट मोठ्या रस्त्याला, पाणी जिरवायला प्लॉटमध्ये मोकळी जमीन आणि नालीचं काम आधी, एवढंच लिहा. मी भाडेकरू असलो तरी येऊन सही करतो.

सुभाषनगरकर:
यायलाच पाहिजे. पण मजले कमी करा, हा अर्जातला पहिलाच मुद्दा आहे. बंगलेवाले तो काढू देणार नाहीत.

एमआयडीसी_शिफ्ट:
मग माझी सही धरू नका, काका. जे मजले तुम्ही कापायला निघालात, त्यातच माझ्यासारख्याचं घर आहे.